रुग्णालयाच्या खिडकीचे अर्थशास्त्र

रुग्णालय बांधावयाचे ठरले की चर्चा होते ती खाटांच्या संख्येची आणि यंत्रसामग्रीच्या किमतीची. खिडक्या किती, छत किती उंच, हे प्रश्न किरकोळ मानून बाजूस सारले जातात. वस्तुतः क्षयाचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत मिसळतात आणि कोंडलेल्या खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. जगातील सुमारे एकचतुर्थांश क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, तेथे तरी खिडकी ही शोभेची बाब नव्हे.

हा विचार नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथात समोरासमोर खिडक्या असलेल्या कक्षांचा आग्रह धरला होता. लिमा शहरातील ८ रुग्णालयांच्या ७० खोल्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दारेखिडक्या उघडल्यावर तेथे तासाला साधारणतः २८ वेळा हवा बदलत होती. यांत्रिक वायुवीजनासाठी शिफारस केलेले प्रमाण १२ वेळांचे आहे. त्यातही १९५० पूर्वीच्या, उंच छतांच्या इमारती नव्या इमारतींहून सरस ठरल्या.

मग खिडकी हरते कोठे? ती हरते निविदेत. छत बुटके केले की बांधकामाचा खर्च घटतो आणि ही बचत अंदाजपत्रकात तत्काळ दिसते. संसर्गाचा खर्च मात्र रुग्णाच्या लांबलेल्या मुक्कामात, परिचारिकेच्या आजारपणात, मजुराच्या बुडालेल्या रोजंदारीत विखुरतो. त्याला कोणत्याच हिशेबात रकाना नसतो. बांधणारे खाते एक, चालविणारे दुसरे आणि सोसणारा तिसराच!

शस्त्रक्रियागृहाला गाळलेली हवा हवी, आणि वारा पडला की खिडकीही निरुपयोगी होते, हे खरे. परंतु वीज गेली किंवा देखभाल थांबली की यंत्रही निरुपयोगीच ठरते. बाह्यरुग्ण विभाग व सर्वसाधारण कक्ष यांना उघडता येणारी खिडकी, तिला जाळी व पाऊस अडविणारा छज्जा हाच परवडणारा उपाय होय.

नियमांची वाण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नव्या इमारतींतील सर्वसाधारण कक्षासाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवेचे प्रमाण सुचविले. केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० साली निघाली. हवा मोजता येते. तेव्हा कंत्राटदाराचे अखेरचे देयक चुकते करण्यापूर्वी ती मोजावी, एवढी एक अट करारात घातली पाहिजे. आज खिडकीवर वाचविलेला पैसा उद्या रुग्णाच्या खिशातून वसूल होणार असेल, तर त्याला काटकसर कोण म्हणेल?