सोनपेठहून पुश होत नाही

दिवाळीत आमचा एक तरुण सहकारी सोनपेठला घरी होता आणि तिथूनच काम करत होता. पुण्यातल्या गिट सर्व्हरवर त्याचा पुश कधी जायचा, कधी अडायचा. तीन दिवस आम्ही त्याला एकच सांगत राहिलो: गावाकडचं नेट आहे, परत करून बघ. नेट ठीक होतं. बिघाड आमच्या सर्व्हरवर होता आणि तो शोधणं फक्त आमच्याच हातात होतं.

त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ऑब्जेक्ट जोडायला परवानगी अपुरी असल्याचं सर्व्हरने स्वच्छ सांगितलं होतं. आम्ही ते वाचलंच नाही. गिट सुटी ऑब्जेक्ट ठेवताना हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांच्या नावाचं फोल्डर करतं. ०० ते एफएफ अशी जास्तीत जास्त २५६. कुणीतरी सर्व्हरवर रूट होऊन त्याच रिपॉझिटरीत कमिट घातली होती. तेव्हा नव्याने तयार झालेल्या फोल्डरांची मालकी रूटकडे गेली. पोराच्या कमिटचा हॅश अशा फोल्डरात पडला की पुश फसायचा, एरवी जायचा. कमिटच्या संदेशातलं एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो, म्हणून कधी कधी दुसऱ्या प्रयत्नात काम व्हायचं आणि आमचा नेटवरचा संशय आणखी पक्का व्हायचा.

इलाज दहा मिनिटांचा होता. सगळ्या फाइली एका ग्रुपच्या केल्या, ग्रुपला लिहिण्याची परवानगी दिली, फोल्डरांवर सेटजीआयडी बिट लावला आणि गिटच्या 'कोअर.शेअर्डरिपॉझिटरी' सेटिंगला 'ग्रुप' ही किंमत दिली. सरसकट ७७७ करून मोकळं होण्याची सवय मात्र सोडायला हवी. होम फोल्डरवर ती चालवली, तर ओपनएसएसएच 'स्ट्रिक्टमोड्स'च्या नियमानुसार त्या खात्याची किल्लीच नाकारतं. परवानगी वाढवावी आणि दार बंद व्हावं, असा तो प्रकार.

पुश अडला की आधी आलेला संदेश वाचा. 'टाइम्ड आउट' आलं तर रस्ता तपासा: फायरवॉल, व्हीपीएन. मोबाइल नेटवर एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि तो बदलतो, त्यामुळे 'तुझा आयपी कळव, उघडून देतो' हा उपाय टिकत नाही. 'परमिशन डिनाइड' आलं, तर सोनपेठहून निघालेली विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली आहे. त्यापुढे नेटला बोल लावण्यात अर्थ नाही. किल्ली का नाकारली, हे एसएसएच समोरच्याला मुद्दामच सांगत नाही. ते सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांवर 'ऑथ.लॉग', रेड हॅटच्या कुळात 'सिक्युअर'. लांब बसलेल्या माणसाला ती फाइल दिसत नाही. ॲडमिनला दिसते.

सीताराम चामर्ती यांनी लिहिलेलं गिटोलाइट लहान चमूंनी जरूर वापरून पाहावं. सगळे जण सर्व्हरवरच्या एकाच खात्यातून येतात, कोण कोण आहे हे किल्लीवरून ठरतं आणि कुणाला कुठली शाखा, हे नियमही एका रिपॉझिटरीतच राहतात. मालकीचा असा गोंधळ तिथे सहसा होत नाही. अट एवढीच, की कुणी मागच्या दाराने रूट होऊन शिरू नये.

आमच्याकडे आता रूटने रिपॉझिटरीत जाणं बंद आहे. तक्रार आली की पहिल्यांदा सर्व्हरचा लॉग उघडतो आणि त्यात काय सापडलं, हे तक्रार करणाऱ्याला त्याच दिवशी कळवतो. सोनपेठच्या त्या मुलाचे तीन दिवस मात्र परत देता आले नाहीत.