बाईच्या खेळाला कारण कशाला?

कुऱ्हाड आणि कोयती आमच्या भागातल्या बाईला नवीन नाहीत. कमरेच्या आकडीला कोयती अडकवून ती रानात जाते, कवळ तोडते, सरपण फोडते आणि मोळी डोक्यावर घेऊन घरी येते. तिच्या हातातल्या हत्याराची भीती कुणाला वाटत नाही, कारण ते चुलीसाठी आणि शेतीसाठी चालतं. घाटावर ऊसतोडीच्या टोळीत तर नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. राबणारे दोघे, हिशेबात एक, आणि उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात.

पण हीच बाई उद्या म्हणाली, ‘मला ही कुऱ्हाड नुसती मजेसाठी फेकायची आहे’, तर काय होईल? घरचे हसतील, शेजारी कुजबुजतील, आणि कुणीतरी देवरसपण करून घेण्याचा सल्लाही देईल.

शहरात मात्र असा खेळ आता पैसे देऊन खेळता येतो. कॅनडातल्या टोरोंटो शहरात २००६ साली एका घराच्या परसात काही मित्रांनी तो सुरू केला. पुढे त्याची केंद्रं निघाली, स्पर्धा आल्या, २०१७ साली जागतिक संघटनाही झाली. लाकडी फळ्यांवर रंगाची वर्तुळं असतात. सुमारे बारा फुटांवरून छोटी कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन सोडायची. हवेत तिचा एक फेर पुरा झाला की पातं फळीत रुततं.

कामानिमित्त शहरात गेले असताना तिथल्या मैत्रिणींबरोबर मीही हा खेळ खेळून पाहिला. पहिल्या काही फेकींत दांडाच फळीवर आपटला. शिकवणारी मुलगी म्हणाली, ‘जोर नको, अर्धं पाऊल मागे या, मनगट सरळ ठेवा.’ तसं केल्यावर पातं रुतलं. ताकदीपेक्षा इथं अंतराला आणि हात सोडायच्या क्षणाला महत्त्व आहे. ‘बायकांच्या अंगात जोर कुठला’ हा नेहमीचा दाखला इथं चालत नाही. त्या तासाभरात आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. त्यातून कुणाचं सरपण फुटलं नाही, कुणाचं जेवण शिजलं नाही. आनंद त्याचाच होता.

मैत्रिणींनो, माझा आक्षेप सुरू होतो तो या खेळाच्या जाहिरातीपासून. बायकांना हा खेळ विकताना सांगतात, ‘मनातला राग काढा, मोकळ्या होऊन घरी जा.’ म्हणजे बाईचा राग ही कुकरची वाफ. तासाचे पैसे मोजून शिटी काढायची आणि पुन्हा त्याच शेगडीवर चढायचं! राग कशामुळे आला, हे विचारायचंच नाही. आपल्या रागाला पत्ता असतो. १९७२ साली मुंबईत महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा तो राग कुणावर आहे हे सरकारला नीट कळत होतं. ते लाटणं मन मोकळं करायला उचललेलं नव्हतं. रागासाठी मोर्चा आहे, संघटना आहे, कोर्ट आहे. खेळाला त्याचं औषध करू नका.

आणि गावात तरी काय वेगळं आहे? इथं बाईचा खेळ देवाच्या नावावर चालतो. गौरी-गणपतीत फुगडी घाला, रात्रभर घाला, कुणी काही म्हणणार नाही. गणपती पाण्यात गेले की फुगडीही संपली. बाकीचे दिवस एकत्र बसायचं तर बचत गटाचं रजिस्टर समोर हवं. शहरात रागाचं निमित्त, गावात देवाचं, सरकारी योजनेत बचतीचं. निमित्ताशिवाय बाईला मजा करायची मुभा कुठेच नाही. पुरुषाला संध्याकाळी मैदानावर किंवा तिठ्यावर उभं राहायला कुणी कारण विचारतं का?

कणकवली तालुक्यातल्या नांदगावात गटाच्या बैठकीत मी ही कुऱ्हाडफेकीची गोष्ट सांगितली. एक मावशी म्हणाल्या, “पैशे देवन कुराड मारूक जातत? तेंका हंय धाडा ताई, माझी लाकडां तरी फुटतली!” सगळ्या खळखळून हसल्या. मग त्याच हळू आवाजात म्हणाल्या, “आमका कोण खेळूक बोलवता?”

कार्यकर्त्या यावर म्हणतील, पाणी, मजुरी, मारहाण असे प्रश्न उभे असताना खेळ कसला? पण वेळ हाही त्याच प्रश्नांतला एक प्रश्न आहे. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. असं काम करणाऱ्या पुरुषांची जातात ८८. हा दोनशे मिनिटांचा फरक म्हणजेच आपलं हिरावलेलं मैदान. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय करारात, कलम १३ मध्ये, करमणूक आणि खेळात भाग घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. भारताने तो करार १९९३ साली मान्य केला. म्हणजे खेळ ही चैन नव्हे, लिहून दिलेला हक्क आहे.

नांदगावात कुऱ्हाडफेकीचा हॉल काढा, असं मी म्हणत नाही. सरपणाची कोयती फेकायला तर कुणीच घेऊ नये, ती त्यासाठी घडवलेली नसते. मागणी साधी आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या सभेत ठराव करा की आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेचं मैदान बायकांचं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून शिलाई यंत्र नको, मैदानावर दिवा हवा, चेंडू हवा, जाळी हवी. आणि त्या दोन संध्याकाळी भाकरी घरातल्या पुरुषांनी भाजायच्या.

ठरावाखाली कारण लिहायचा रकाना असेल. तिथं ‘आरोग्य’, ‘ताणमुक्ती’, ‘सक्षमीकरण’ यातलं काही लिहू नका. लिहा : आम्हाला खेळायचं आहे.