आवाज कोणत्या पेटींत ठेवावा?

“घरांतील वृद्ध माणसांचीं गाणीं संगणकावर मुद्रित करावयाचीं आहेत, त्यासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें?” असा प्रश्न एका वाचक भगिनींनीं केला आहे. या विषयांत मी तज्ज्ञ नव्हे. परंतु एकदां ठेंच लागलेली आहे, म्हणून लिहिण्याचें धार्ष्ट्य करतों.

आमच्या आत्याबाई मंगळागौरीचीं व जात्यावरचीं गाणीं फार गोड म्हणत. चार वर्षांपूर्वीं त्या पूर्णेस आमच्याकडे आल्या असतां दोन दुपारीं बसून मीं तीं उतरून घेतलीं. सॉफ्टवेअर नामांकित, दरमहा वर्गणी भरावयाचें. पुढें वर्गणी थांबविली, आत्याबाईही निवर्तल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशीं त्यांचा आवाज ऐकावा म्हणून बसलों, तों फाईल उघडेना! पुन्हां वर्गणी भरली, तेव्हां पहिल्या दुपारचीं गाणीं हातीं आलीं. दुसऱ्या दुपारचीं नव्या आवृत्तींत उघडलींच नाहींत. दोष माझाही होता. तीं वेगळीं काढून ठेवण्याचें मला सुचलें नव्हतें.

तात्पर्य हें कीं, बहुतेक प्रत्येक सॉफ्टवेअर दोन प्रकारच्या फाईली करतें. एक त्याची स्वतःची ‘प्रोजेक्ट’ फाईल. ती बहुधा त्याच्याच घरांत उघडते. दुसरी ‘वेव्ह’, ती कोठेंही उघडते. म्हणून गाणें संपतांच वेव्ह फाईल काढावी. सेकंदास ४८,००० नमुने व २४ बिट या मापानें एका मायक्रोफोनच्या तासाभराच्या आवाजास सुमारें ५२० मेगाबाईट जागा लागते. एमपी३ लहान होते खरी, परंतु आवाजाचा कांहीं अंश कायमचा टाकूनच. ती नातलगांस धाडण्यापुरती बरी.

आतां निवड. एकच कंठ असेल तर ऑडॅसिटी पुरे. तें २००० सालापासून विनामूल्य मिळतें. तबला, पेटी व कंठ निरनिराळ्या पट्ट्यांवर घेऊन मग जुळवावयाचे असतील तर रीपर पाहावें. ६० दिवस वापरून पाहतां येतें व नंतर परवान्याचे पैसे एकदांच भरावयाचे असतात. ॲपलचें यंत्र असल्यास गॅरेजबँड फुकट आहे. प्रोटूल्स हें चित्रपटवाल्यांच्या मुद्रणालयांचें हत्यार. घरीं त्याची आवश्यकता नाहीं. यापेक्षां पंखा बंद ठेवणें अधिक महत्त्वाचें. आमच्यासारखें जंक्शनचें गांव असेल तर गाडीची वेळही पाहावी!

आमच्याच तालुक्यांतील ताडकळस येथील गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या १९९६ सालीं मुद्रित झाल्या. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं चालविलेल्या त्या कार्यांत एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या असून २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. आवाजाबरोबर ओवीचे शब्द, गाणारीचें नांव व गांव हींही तेथें जपलीं आहेत. घरींही एका वहींत एवढें टिपून ठेवावें.

वेदांचे रक्षण आपल्या पूर्वजांनीं संहिता, पद, क्रम, घन अशा अनेक पाठांनीं व अनेक मुखांनीं केलें. एक विसरला तर दुसरा सांगे. आपणही वेव्ह फाईलच्या तीन प्रती कराव्या. एक संगणकांत, एक निराळ्या डिस्कवर, एक परगांवच्या आप्ताकडे. आणि, भगिनी, सॉफ्टवेअरची निवड चार दिवस लांबली तरी चालेल. गाणाऱ्या माणसाकडे मात्र या आठवड्यांतच बसा.