बालाघाटावरील रानें

"झाडें लावा, म्हणजे पाऊस येईल," हें वाक्य आमच्या धाराशिव जिल्ह्यांत वारंवार ऐकूं येतें. हेतु चांगला, परंतु आमच्या मतें विचार अपुरा. आमच्याकडील पाऊस समुद्रावरून येतो, आणि सह्याद्रि ओलांडतांना त्याची बरीच शिदोरी वाटेंतच सरते. येडशीच्या डोंगरावर चार वृक्ष अधिक पाहून मोसमी वारे थांबतील, असें मानण्यास आधार नाहीं. झाड लावूनहि पाऊस आला नाहीं म्हणून जो मनुष्य पुढल्या वर्षीं कुदळ खालीं ठेवतो, तो याच अपुऱ्या विचाराचा बळी होय.

मग वनें काय करितात? वृक्ष हवेंतील कर्बवायु शोषून त्याचें लांकूड बनवितो. सुक्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्मा भाग कर्बाचा असतो. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें २८० भाग होता. आतां तो ४२० हून अधिक झाला आहे, व त्यायोगें पृथ्वी तापत चालली आहे. उभें रान ही त्या वायूची ठेव होय. तें जाळलें कीं ठेव पुनः हवेंत जाते. मात्र कोळसा व तेल जाळीत राहून सारा भार वृक्षांवर टाकणें म्हणजे फुटक्या रांजणाखालीं वाटी धरणें.

दुसरें काम आमच्या अधिक जवळचें. तापल्या हवेंत बाष्प अधिक मावतें. म्हणून दुष्काळहि कडक आणि पाऊसहि एकदम कोसळणारा. २०१६ सालीं शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आणि २०२५ च्या सप्टेंबरांत आमच्याच परंडा तालुक्यांत पुरानें वेढलेल्या माणसांस हेलिकॉप्टरनें सोडवावें लागलें, शेतांची माती खरडून गेली. रानानें तो पूर अडविला असता, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पालापाचोळा व मुळ्या यांनीं बांधलेल्या उतारावरून पाणी धांवत नाहीं, चालत येतें, आणि माती तेवढी वाहूं देत नाहीं.

आणि अशीं रानें आमच्यापाशीं किती? सुमारें साडेसात हजार चौरस किलोमीटरांच्या या जिल्ह्यांत वनाच्छादन शेंकडा एकाहूनहि कमी आहे. येडशीचें रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. तरी २०२४ च्या डिसेंबरांत टिपेश्वराहून निघालेला एक वाघ सुमारें पांचशें किलोमीटरांची मजल मारून तेथें पोंचला! आमच्या लहानशा रानाची किंमत आमच्याआधीं त्यास कळली म्हणावयाची.

पालकांस येथें एक अवघड गोष्ट सांगणें प्राप्त आहे. भूम-वाशीकडील खव्याच्या भट्ट्या लांकडावर चालत आल्या आहेत. कुंथलगिरीचा पेढा आम्हीहि आवडीनें खातों; आणि पीक बुडालें तरी दुधाखव्यानें चूल पेटती ठेवलेलीं घरें कमी नाहींत. तेव्हां भट्टी बंद करा, असें म्हणणें निर्दयपणाचें होईल. पवित्र शास्त्रांत, अनुवादाच्या पुस्तकांत, नगरास वेढा घातला असतांहि फळझाडें तोडूं नयेत अशी आज्ञा आहे. येथें वेढा गरिबीचा आहे. सूर्यशक्तीवर खवा आटविणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत. तीं लहान गवळ्यास परवडतील अशा भावानें देणें हें सरकारचें काम, आणि तें मागणें हें तुमचें.

राहिली वृक्षारोपणाची गोष्ट. २०१९ सालीं आपल्या राज्यानें तेहतीस कोटि वृक्षांचा संकल्प केला होता. संकल्पास आमचा विरोध नाहीं. खड्ड्यांची गणती करून रोपांस विसरण्यास आहे. शिवाय दिसेल तो माळ खणूं नये. आमचे गवताळ माळ ओसाड नसतात. गवताच्या मुळ्यांखालीं मातींतहि कर्ब सांठतो, आणि गुरांचा चारा तेथेंच. लावावयाचीं तर ओढ्याकांठीं, बांधावर, उघड्या उतारावर; आणि तींहि लिंब, चिंच, पळस, बोर, हिवर यांसारखीं, वैशाखाची ओळख असलेलीं झाडें.

आमची सूचना एवढीच कीं, विद्यार्थ्यांनीं आपापल्या गांवीं लावलेल्या रोपांची मोजदाद तिसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस करावी, आणि जगलीं किती व वाळलीं किती हे दोन्ही आंकडे गांववार याच वार्षिकांत छापावे.