लढाई समजायची तर रान तुडवावे लागते

वर्धा नदीच्या अलीकडे, म्हणजे आपल्या चांदूर रेल्वेच्या बाजूला, 1803 पर्यंत मुलखाला दोन धनी होते. निजामही वसूल घ्यायचा आणि नागपूरकर भोसलेही. या कारभाराला दोअमली म्हणत. 17 डिसेंबर 1803 रोजी देवगावचा तह झाला. रघुजी भोसल्यांनी नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि इंग्रजांनी तो निजामाच्या पदरात टाकला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले तेवढे भोसल्यांकडे राहिले. पुढे 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. आपल्या गावांचा शे-दीडशे वर्षांचा कारभार कोणाच्या हाती राहणार, हे तीन आठवड्यांत ठरले, आणि तेही आपल्याच रानात.

29 नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी तह झाला. पाठोपाठ 30 डिसेंबरला शिंद्यांनीही सुर्जी अंजनगावला तह केला. महिनाभरात दोन मोठ्या दौलतींचे भवितव्य वऱ्हाडात ठरले, आणि आपली मुले मात्र पानिपत आणि प्लासीच्या सनावळ्या पाठ करतात. पानिपत जरूर शिकावे. पण अडगाव तेल्हारा तालुक्यात आहे, तिथे एका दिवसात जाऊन येता येते.

लढाईचा इतिहास कसा लिहावा, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे नाव घेतो. 1895 साली जन्मलेला हा कोकणातला माणूस 1939 मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभे राहिले तेव्हा तिथे मराठ्यांच्या इतिहासाचा प्रपाठक झाला. रावबहादूर पारसनिसांनी आयुष्यभर जमवलेला कागद, चित्रे, नकाशांचा साताऱ्यातला संग्रहही त्याच सुमारास त्या संस्थेत आला. संशोधन, अध्यापन आणि वारशाची राखण ही तिन्ही कामे एकाच आवारात आली.

शेजवलकरांचे ‘पानिपत 1761’ हे पुस्तक आधी 1946 मध्ये इंग्रजीत आले, मग लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा 1961 मध्ये मराठीत. त्यापूर्वीही पानिपतावर मोठ्या माणसांनी लिहिले होते. शेजवलकरांचे वेगळेपण असे की त्यांनी हरल्याचे खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडून विषय संपवला नाही. ते स्वतः त्या भूमीवर गेले. सैन्य कुठे उतरले, पाणी कोणत्या बाजूला, दिल्लीची वाट कशी, उपाशी माणसे आणि जनावरे घेऊन किती चालता येईल, असे प्रश्न त्यांनी कागदांना विचारले. बाजारबुणग्यांना मधे घेऊन गोल बांधून बाहेर पडण्याचा सदाशिवरावभाऊंचा बेत होता, हे त्यांनी मांडले. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष मान्य करायलाच हवा असे नाही. पण त्यांच्यानंतर पानिपतावर लिहिणाऱ्याला त्यांच्या प्रश्नांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संशोधकाची कमाई ती हीच.

आपल्या वऱ्हाडाने तर त्यांचे वेगळे ऋण मानायला हवे. नाना फडणिसांच्या मेणवलीच्या दप्तरातली नागपूरकर भोसल्यांसंबंधीची मराठी पत्रे निवडून त्यांनी 1954 आणि 1959 मध्ये दोन खंडांत छापली. मोडीतला एकेक कागद वाचायचा, तारीख लावायची, माणसे ओळखायची, हे काम कोणी टाळ्या वाजवाव्यात असे नसते. शिवचरित्राचा त्यांनी घेतलेला मोठा संकल्प पुरा झाला नाही. 1963 मध्ये ते गेले. मागे राहिलेली साधने, प्रस्तावना आणि आराखडा ‘श्री शिवछत्रपती’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि 1966 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. अपुऱ्या ग्रंथाचा असा मान झाला, कारण त्यातली तयारीच एका ग्रंथाच्या मोलाची होती.

आता अडगावकडे वळू. या लढाईविषयी जगात जे लिहिले जाते त्याचा मुख्य आधार आर्थर वेलस्लीचे खलिते. पुढे वॉटर्लूमुळे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेला हाच सेनापती. आधीच्या असईच्या लढाईत शौर्य गाजवलेल्या त्याच्या शिपायांच्या पलटणी अडगावला तोफांचा मारा सुरू होताच पळाल्या आणि आपण जवळ नसतो तर दिवस हातचा गेला असता, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. दिवस मावळल्यावर त्याच्या घोडदळाने चांदण्यात पाठलाग केला. पौर्णिमेच्या आसपासची ती रात्र होती. भोसल्यांच्या बाजूने अरबांच्या तुकडीने केलेला हल्लाही इंग्रजांच्या कागदांतूनच कळतो. पण तो अरब कोणाच्या नोकरीत होता, त्याचा पगार किती महिने थकला होता, तोफखान्याचे बैल कोणत्या गावांनी पुरवले, दाणावैरण कोणाच्या शेतातून गेली? हे सांगायला वेलस्ली बांधलेला नव्हता. ते आपण शोधायचे.

गाविलगडावर मी मुलांना नेतो तेव्हा माहितीची पाटी वाचायला आधी थांबत नाही. दक्षिणेच्या कड्यावर उभे करतो आणि विचारतो, किल्ला घ्यायचा आहे, तोफा कुठून आणाल? एकदा राजुऱ्याकडचा एक पोरगा खाली वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “इकून बैल चढत नाई सर. तिकून, लबाड्याच्या अंगानं जावं लागंन.” तो उत्तरेकडे बोट दाखवत होता. इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनची फौज 7 ते 12 डिसेंबर डोंगरातून रस्ता काढत, जड तोफा हातांनी ओढत त्याच लबाडा गावी पोहोचली होती. किल्ल्याला डोंगराशी जोडणारी सपाटी त्याच अंगाला आहे, आणि तटाला खिंडार पडले तेही तिकडूनच. आत गेल्यावर दुसरा तट आडवा आला, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिडी लावून तो ओलांडला आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. घरी बैलजोडी असलेल्या त्या मुलाने पुस्तक न उघडता वेढ्याचे गमक ओळखले. त्या दिवशी मी वर्गात शिकवलेल्या कित्येक तासांपेक्षा जास्त इतिहास त्या कड्यावर शिकवला गेला.

वऱ्हाडाला अभ्यासकांची परंपरा नाही असे नाही. बुलढाण्याच्या यादव माधव काळ्यांनी वकिली सांभाळून 1924 मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला आणि दहा वर्षांनी नागपूर प्रांताचा. यवतमाळच्या शारदाश्रमाने हस्तलिखिते जमवली. या माणसांकडे गाडी नव्हती, संगणक नव्हता, अनुदान नव्हते. आपल्याकडे साधने आहेत, पण रानात जायला वेळ नाही. शोधनिबंधांची संख्या भरते आणि मोडी वाचता येणारा विद्यार्थी मात्र कंदील घेऊन शोधावा लागतो.

मला वाटते, सुरुवात मोठी करायची गरज नाही. अमरावती आणि अकोल्याच्या प्रत्येक महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने दरवर्षी 29 नोव्हेंबरला मुलांना अडगावला न्यावे. हाती नकाशा द्यावा, वेलस्लीचा खलिता मराठीत करून द्यावा आणि शिवारातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना नाले, जुन्या वाटा, बुजलेल्या विहिरी विचारायला सांगावे. जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या घरात फडक्यात बांधलेले कागद असतील, तर नम्रपणे मागून त्यांचे फोटो काढावेत आणि कागद मालकाला परत द्यावेत. वर्षाला दोन मुले मोडी शिकली तरी दहा वर्षांत वीस वाचक तयार होतील.

किल्ल्याची डागडुजी पुरातत्त्व खाते करील. पण त्या किल्ल्यात काय घडले आणि त्याने आपल्या गावांचे काय झाले, हे सांगणारी माणसे कोणतेही खाते नेमून देणार नाही. ती आपल्याच वर्गांतून निघायची आहेत. शेजवलकरांनी पानिपतासाठी जे केले ते अडगावसाठी करणारा मुलगा किंवा मुलगी चांदूर रेल्वेच्या एखाद्या बाकावर आज बसलेली असू शकते. तिला रानापर्यंत नेणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे, आणि ते येत्या नोव्हेंबरपासूनच सुरू करता येईल.