अंगणात प्लॅस्टिकचे गवत घालावे काय?



भाड्याच्या दोन खोल्यांत उभा जन्म काढलेल्या माणसाला स्वतःचे अंगण म्हणजे काय, हे बंगल्यात वाढलेल्या माणसाला कळायचे नाही. नागपूरच्या एका ले-आऊटमध्ये माझ्या मावसभावाने कर्ज काढून घर बांधले. तो एस. टी. च्या डेपोत मेकॅनिक आहे. घरापुढे बारा बाय पंधरा फुटांची मोकळी जागा सुटली. त्या जागेचे काय करावे, यावरून घरात महिनाभर वाद चालला होता. शेवटी मला बोलावणे आले. मी कारकून माणूस, तेव्हा हिशेब करायचा झाला की नातेवाईक माझीच आठवण काढतात.

मावसभावाच्या मनात प्लॅस्टिकचे हिरवे गवत भरले होते. कुण्या साहेबाच्या बंगल्यात त्याने ते पाहिले होते. मे महिन्यात नातवाचा पहिला वाढदिवस. तोवर अंगण हिरवेगार व्हावे, पाहुण्यांनी पाहावे, एवढीच त्याची इच्छा. सूनबाईचे म्हणणे वेगळे होते आणि खरे सांगायचे तर जास्त वजनदार होते. ती म्हणाली, "मामाजी, इथली माती काळी. पावसाळ्यात चिखल घरभर येते. तो धुवाचा कोणाले लागते? मलेच ना!" मावशी मात्र काही बोलत नव्हती. तिने चाळीस वर्षे विड्या वळल्या. आता संध्याकाळी अनवाणी अंगणात फिरावे आणि नातवाला खेळवावे, एवढेच तिचे सुख.

आता हे गवत आहे तरी काय, ते पाहू. त्याची पाती पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉन या प्लॅस्टिकची असतात. ती एका जाळीत ओवून मागून लेटेक्सचा किंवा तशाच दुसऱ्या पदार्थाचा थर देतात. पाणी जावे म्हणून पाठीला छिद्रे ठेवतात.

याचा जन्म कसा झाला, तेही जाणून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात 1965 साली ॲस्ट्रोडोम नावाचे छप्पर असलेले प्रचंड क्रीडागृह सुरू झाले. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणारी तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांवर येई, म्हणून तावदाने रंगवली. मग ऊन मिळेना आणि आतले खरे गवत मेले. तेव्हा 1966 साली तेथे हे कृत्रिम गवत अंथरले आणि त्याला ॲस्ट्रोटर्फ हे नाव पडले. पुढे 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीही याच गवतावर आली. मातीच्या मैदानावर वाढलेला आपला संघ त्या वर्षी सातवा आला. म्हणजे ज्या गवताची ख्याती झाली ती छपराखाली, ऊन नव्हते म्हणून. आपण मात्र ते नागपूरच्या उघड्या उन्हात घालायला निघालो आहोत!

दुकानदाराने दिलेला हिशेब मी वहीत मांडला. जागा 180 चौरस फूट. गवत 55 रुपये फुटाने 9,900 रुपये. खाली सिमेंट काँक्रीटचा थर 45 रुपये फुटाने 8,100. चिकटवणे आणि अंथरणे 12 रुपये फुटाने 2,160. एकूण 20,160 रुपये. सहा वर्षे टिकले असे धरले, तर वर्षाला 3,360 म्हणजे महिन्याला 280 रुपये. "महिन्याला 280 काही जास्त नाहीत," मावसभाऊ म्हणाला. पण कर्जाचा हप्ता चालू असताना 20 हजार एकदम काढावे लागतात, हे तो विसरला. शिवाय काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. तिच्यावरचा पातळ थर सहा वर्षे अखंड राहील, असे कोणता गवंडी लिहून देईल?

मग खरे लॉन लावावे काय? तोही हिशेब केला. 180 चौरस फूट म्हणजे सुमारे 17 चौरस मीटर. उन्हाळ्यात लॉन हिरवे ठेवायला चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी धरा. झाले 85 लिटर, म्हणजे जवळजवळ सहा बादल्या. ज्या वस्तीत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे रोज सहा बादल्या गवताला घालणे शोभत नाही आणि परवडतही नाही. तेव्हा कृत्रिम गवतवाले पाणी वाचते म्हणतात, त्यात तथ्य आहे. चिखल होत नाही, कापावे लागत नाही, हेही खरे. जे खरे ते मान्य केलेच पाहिजे.

आता दुसरी बाजू. खऱ्या गवताच्या पात्यांतून पाण्याची वाफ होते आणि ते थंड राहते. प्लॅस्टिक तापतच जाते. परदेशांतील मैदानांवर केलेल्या मोजणीत भर उन्हात त्याचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर, कधी 70 च्याही वर गेलेला आढळला आहे. इतक्या तापलेल्या जागेवर लहान मुलाची कातडी काही सेकंदांतही भाजू शकते. पाणी मारले की थोडा वेळ थंड होते, पण मग पाणी वाचले कोठे?

हे मी सांगून कोणाला पटेना. तेव्हा एप्रिलच्या एका रविवारी दुकानातून फूटभर नमुना मागून आणला आणि सकाळीच अंगणात उन्हात ठेवला. दुपारी एक वाजता सगळ्यांना बाहेर बोलावले. मावसभावाने तळहात टेकवला आणि लगेच काढला. सूनबाईने बोट लावले आणि "अगं बाई!" म्हणून मागे सरली. एवढ्यात मावशी ओट्यावरून उतरली आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने अनवाणी पाय त्यावर ठेवला. ठेवला तो ठेवलाच. म्हणाली, "मले त काहीच नाही लागत रे बाबू."

सगळे गप्प झाले. मावसभावाने धावत जाऊन तिचा पाय उचलला. तळवा लाल झाला होता.

मावशीला बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. या आजारात पुष्कळांच्या पायांच्या नसा बधिर होतात. चटका, काटा, चप्पल लागणे, काहीच कळत नाही. न कळलेली जखम चिघळते आणि कधी कधी बोट किंवा पाय कापण्यापर्यंत पाळी येते. आपल्या किती घरांत असे आजारी आहेत, ते ज्याचे त्याने आठवावे. तिचे पाय इतके बधिर झाले आहेत, हे त्या दुपारपर्यंत घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ती स्वतःही बोलली नव्हती. "कायले दवाखान्याचा खर्च?" हेच तिचे उत्तर.

गवताचा वाद तेथेच संपला. पण सूनबाईचा चिखलाचा प्रश्न तसाच उरला होता आणि तो न सोडवता उठणे बरे नव्हते. म्हणून आम्ही पुन्हा वही काढली. फाटकापासून ओट्यापर्यंत तीन फूट रुंदीची वाट करायची. खाली मुरूम ठोकून वर विटा बसवायच्या, सिमेंट नाही. पाणी फटींतून जमिनीत मुरेल, आणि माती हलली तर वीट उचलून पुन्हा बसवता येईल. विटा 160, त्यांचे 1,280 रुपये. मुरूम वाहतुकीसह 1,000. दोन दिवसांची मजुरी 1,600. उन्हासाठी बांबूवर हिरवी जाळी. उन्हाळ्यात नागपूरच्या सिग्नलवर ताणतात तशीच. तिचे 1,500. शेवगा, लिंबू आणि कढीपत्त्याची रोपे 300. उरलेल्या मातीत आपली साधी हरळी. ती विकत आणावी लागत नाही. उन्हाळ्यात वरून वाळते, पण मुळे जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते. रोपांना कुलरच्या टाकीतले बदललेले पाणी आणि तांदूळ-भाजी धुतलेले पाणी पुरते.

मावसभावाची हौसही अगदीच मोडली नाही. ओट्यावर छपराखाली, जेथे ऊन येत नाही, तेथे चार बाय सहा फुटांचा कृत्रिम गवताचा तुकडा घेतला, 1,320 रुपयांचा. बाळ त्यावर रांगते. मळला की उचलून धुता येतो. एकूण खर्च 7,000 रुपये. वाचले 13,160. त्यातून मावशीच्या पायांची तपासणी झाली आणि बधिर पायांसाठी मिळते ती मऊ रबराची एम. सी. आर. चप्पल आणली. तिचे अनवाणी फिरणे बंद झाले. संध्याकाळी चप्पल घालून ती विटांच्या वाटेवर फेऱ्या मारते आणि घरी आल्यावर सूनबाई तिचे तळवे निरखून पाहते.

ज्यांना तरीही घ्यायचे आहे, त्यांनी एवढे पाहावे. जागा सावलीची असावी. नमुना आधी दिवसभर उन्हात ठेवून दुपारी हात लावावा. पाठीला छिद्रे आहेत काय आणि खालच्या जमिनीला उतार आहे काय, ते बघावे. "दहा वर्षे काही होत नाही" हे दुकानदाराचे बोलणे हमी म्हणून बिलावर लिहून घ्यावे. फटाके, उदबत्ती, विडी यांपासून जपावे, कारण प्लॅस्टिक वितळते. आणि जुने झाल्यावर टाकणार कोठे, हेही आधीच ठरवावे. पाती एका प्लॅस्टिकची, पाठ दुसऱ्याची, वर लेटेक्स, हे वेगळे करणे सोपे नसते. झिजलेल्या पात्यांचे बारीक कण मातीत आणि नालीत जातात ते निराळेच. अशा मैदानांत भरायच्या प्लॅस्टिक-रबराच्या दाण्यांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीने बंद करण्याचा नियम युरोपीय संघाने 2023 साली केला आहे.

बंधू-भगिनींनो, हौस करणे हा गुन्हा नाही. आपल्या लोकांनी हौस करूच नये असे म्हणणारा मी नव्हे. फक्त पैसे मोजण्यापूर्वी त्या जागेत दिवसभर कोण वावरणार आहे, त्या माणसाला एकदा विचारा. आणि घरात साखरेचा आजारी असेल, तर आज संध्याकाळीच त्याचे तळवे पाहा. तो स्वतःहून सांगेल, याची वाट पाहू नका.