यंत्र पटते, माणूस पटतो का?

विज्ञानकथेच्या दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांमध्ये एक वाद अनेक दशके चालू आहे. एक पक्ष म्हणतो, कथेला ‘विज्ञान’ हे विशेषण लावावयाचे तर विज्ञानाचे नियम पाळले पाहिजेत. दुसरा पक्ष म्हणतो, कथा रंगली की पुरे, पदार्थविज्ञानाचा तास शाळेत घ्यावा. हा रिकामपणाचा उद्योग समजून बाजूस सारण्याची प्रवृत्ती कार्यकर्त्यांमध्ये आढळते. ती योग्य नव्हे. उद्याचा समाज कसा असेल याचे चित्र लक्षावधी लोक ज्या माध्यमातून पाहतात, त्या चित्रातील काय पटते आणि काय पटत नाही, हा प्रश्न क्षुल्लक असू शकत नाही.

१९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत दाखविल्या गेलेल्या ‘स्टार ट्रेक’ या मालिकेत माणसे यानातून अदृश्य होऊन क्षणार्धात ग्रहावर प्रकट होतात. ही कल्पना कोणा शास्त्रज्ञाच्या चिंतनातून आलेली नाही. दर आठवड्याला यान उतरल्याचे चित्रण करणे अंदाजपत्रकात बसत नव्हते, म्हणून ती आली. पुढे चाहत्यांनी विचारले की, कणाचे स्थान व वेग एकाच वेळी अचूक कळू शकत नाहीत, मग माणसाचे सारे कण नोंदवून ते पुन्हा जुळवावयाचे कसे? त्यावर नंतरच्या मालिकांच्या कर्त्यांनी यानात ‘हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर’ नावाचे यंत्र बसवून टाकले. नाव मिळाले, उत्तर मिळाले नाही. परंतु त्यामुळे मालिकेचे फारसे बिघडलेही नाही. एखादी अशक्य गोष्ट गृहीत धरण्याची मुभा प्रत्येक कथेला असते. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. ते गृहीतक मान्य केल्यावर त्या जगातील माणसे माणसांसारखी वागतात काय?

‘द एक्स्पान्स’ ही मालिका २०१५ मध्ये सुरू झाली. पहिल्या वाहिनीने २०१८ मध्ये ती बंद केली, तेव्हा चाहत्यांनी मोहीम उभारली आणि ती दुसरीकडे २०२२ पर्यंत चालली. तिचे विज्ञान काटेकोर म्हणून वाखाणले जाते. याने अर्ध्या वाटेवर उलटी फिरून वेग कमी करतात, संदेश पोहोचण्यास वेळ लागतो. तथापि तिचे इंजिनही काल्पनिकच आहे. तिचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. लघुग्रहांच्या पट्ट्यात पाणी शनीच्या कड्यांतील बर्फ ओढून आणावे लागते, आणि श्वासाची हवाही यंत्रातून मिळते. साहजिकच हवा-पाणी ज्याच्या ताब्यात, सत्ता त्याची. पहिल्याच भागात एक घरमालक हवेच्या गाळण्या बदलत नाही आणि भाडेकरूंची मुले खोकत राहतात. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या कैद्याला पृथ्वीवर आणून नुसते टांगून ठेवले, तरी त्याच्या देहाचे वजन हाच त्याचा छळ होतो. येथे पदार्थविज्ञान आणि राजकारण यांची फारकत करता येत नाही. कथा की विज्ञान, हा वादच येथे निरर्थक ठरतो.

याउलट ‘स्टार ट्रेक’च्या जगात पैसा नाहीसा झाला आहे, असे पात्रे अभिमानाने सांगतात. मग नको असलेली कामे कोण करतो, कोणाच्या सांगण्यावरून करतो, याचे उत्तर क्वचितच मिळते. ‘डीप स्पेस नाइन’ या तिच्याच शाखेतील १९९६ च्या एका भागात मात्र ते जग जमिनीवर आले. एका मद्यगृहातील नोकर आजारपणाची रजा मिळत नाही म्हणून संघटना बांधतात, संप करतात, कम्युनिस्ट जाहीरनाम्यातील घोषणाही देतात. अखेर मालक मागण्या मान्य करतो, पण अट घालतो की संघटना मोडल्याचे जगाला दिसले पाहिजे. ज्याने एकदा तरी वाटाघाटी केल्या आहेत, त्याला हा मालक परग्रहावरचा वाटणार नाही.

सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या २००३ ते २००९ मधील मालिकेचे आहे. मानवजातीचा संहार होऊन सुमारे पन्नास हजार माणसे यानांच्या ताफ्यातून पळत आहेत. अध्यक्षांच्या कचेरीतील फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला असतो. एक मूल जन्मते, तेव्हा तो एकाने वाढतो. २००७ च्या एका भागात तिने असा प्रश्न विचारला, जो इंजिनाच्या चर्चेत रमलेल्यांनाही सहसा सुचत नाही. या ताफ्याचे इंधन शुद्ध कोण करतो? तेथे कामगारांना विश्रांती नाही, बापाचे काम मुलाच्या माथी येते, गरीब ग्रहांतून आलेल्यांना घाणीची कामे मिळतात. संप होतो, सेनापती गोळ्या घालण्याची धमकी देतो, आणि शेवटी संघटनेला मान्यता मिळते.

आणि याच मालिकेने २००९ च्या शेवटच्या भागात घात केला. कथेची गाठ दैवी योजनेने सोडविली म्हणून चाहते आजही भांडतात. तो दोष आहेच, परंतु त्याहून मोठा दोष दुसरा आहे. एका नव्या ग्रहावर पोहोचल्यावर याने सूर्यात लोटून द्यावी, यंत्रे व नगरे सोडून रानात नव्याने जगावे, असे ठरते, आणि हजारो माणसे जवळजवळ विनातक्रार मान डोलावतात. आजाऱ्याच्या औषधाचे काय, बाळंतिणीचे काय, असे कोणी विचारीत नाही. कालपर्यंत इंधनासाठी संप करणारे कामगार कोठे गेले? तीस माणसांच्या सभेतसुद्धा साधा ठराव दुरुस्तीसूचनेवाचून संमत होत नाही. देवदूत एक वेळ पटेल. ही एकमुखी संमती पटत नाही.

विज्ञानाचा आग्रह धरणारे चाहते तेव्हा चुकत नाहीत, ते अर्ध्यावर थांबतात. यानाचा वेग मोजणाऱ्याने यानातील पाळ्याही मोजाव्यात. आणि कथा रंगली की पुरे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, लेखकाच्या सोयीसाठी माणसांना मुके केले की कथा पहिल्यांदा तेथेच मरते. भविष्याच्या कोणत्याही चित्राला, मग ते पडद्यावरचे असो वा जाहीरनाम्यातले, हाच प्रश्न विचारला पाहिजे की त्यात नकार देणाऱ्या माणसाला जागा आहे काय.